एक हजार चोवीस जणांचा गट नेमका कोणाचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप व टेलिग्राम गटांविषयी अधूनमधून मजकूर येत असतो. त्याचा सूर कौतुकाचा असतो आणि तसा तो असण्याला कारणही आहे. मात्र हे कौतुक जवळजवळ नेहमी सभासदसंख्येचे असते. अमुक यांचे तीन गट भरले, चौथा उघडावा लागला, आठही जिल्ह्यांतले शेतकरी एका ठिकाणी आले, अशी वाक्ये वाचून वाचकाची समजूत अशी होते की गट जेवढा मोठा तेवढे त्याचे काम मोठे. या समजुतीला माझा आक्षेप आहे. लहान गटाने जे साधते ते मोठ्या गटाने साधत नाही, मोठ्याने जे साधते ते लहानाच्या आवाक्यात नसते, आणि चांगला चाललेला लहान गट माणसे भरून मोठा केला की बहुतेक वेळा दोन्हींचा फायदा हातचा जातो.

मी सेलू तालुक्यात राहतो. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालो असून थोडी शेती आहे. शेती, माजी विद्यार्थी, ग्रंथालय अशा निरनिराळ्या आकारांच्या गटांत मी बरीच वर्षे आहे आणि त्यांपैकी एका लहान गटाचा ॲडमिनही आहे. त्यामुळे माझा कल थोडा लहान गटाकडे आहे, हे वाचकांनी लक्षात घेऊनच पुढचे वाचावे.

व्हॉट्सॲपच्या गटात २०१६ पासून २५६ जणांना घेता येऊ लागले. २०२२ मध्ये ही मर्यादा आधी ५१२ आणि त्याच वर्षी पुढे १,०२४ झाली. टेलिग्रामचा गट तर दोन लाखांपर्यंत जातो. मर्यादा वाढली म्हणून गट काठोकाठ भरलाच पाहिजे असे कोणी सांगितले नव्हते, पण आपल्याकडे झाले तसेच. यात एक साधे गणित दुर्लक्षित राहिले. तीस जणांच्या गटात दोघादोघांच्या जोड्या होतात ४३५. इतक्या जणांचे परस्परांशी संबंध कसे आहेत, कोण थट्टा करतो, कोण लगेच दुखावतो, कोणाच्या सल्ल्याला वजन आहे, हे वर्ष-दोन वर्षांत सर्वांना उमगू शकते. १,०२४ जणांच्या गटात याच जोड्या ५,२३,७७६ होतात. तेथे कोणी कोणाला ओळखणे हा प्रश्नच उरत नाही, आणि मग लिहिणारा माणूस समोरच्या व्यक्तीला न लिहिता एका गर्दीला उद्देशून लिहू लागतो. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९२ मध्ये असे मांडले की माणूस साधारण १५० जणांशीच ओळखीचे, स्थिर संबंध राखू शकतो. या आकड्यावर पुढे इतर संशोधकांनी गंभीर आक्षेप घेतले आहेत आणि मीही तो ब्रह्मवाक्य मानत नाही. पण अशी काहीतरी मर्यादा आहे हे ज्याने गावाच्या गटात आणि जिल्ह्याच्या गटात दोन्हीकडे लिहिले आहे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

गर्दीला उद्देशून लिहिणे सर्वांना जमत नाही, म्हणून मोठ्या गटात बहुसंख्य लोक गप्प असतात. संकेतस्थळांच्या वापराचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००६ मध्ये याचे ढोबळ प्रमाण दिले होते: शंभरांतले नव्वद फक्त वाचतात, नऊ कधीतरी लिहितात आणि बहुतेक सारे लेखन उरलेल्या एका माणसाचे असते. प्रमाण थोडे इकडेतिकडे होईल, पण हजार जणांच्या गटात रोजचे बोलणारे दहा-बाराच असतात हा अनुभव कोणत्याही ॲडमिनला विचारावा. हे दहा-बारा जण सर्वांत जाणते असतात असे नाही. अनेकदा ते सर्वांत रिकामे असतात, आणि काही वेळा ते कोणत्या तरी औषधाचे किंवा बियाण्याचे विक्रेते असतात. तेव्हा 'हजार शेतकऱ्यांचा गट' असे आपण छापतो त्याचा अर्थ दहा-बारा जणांचे बोलणे ऐकणारे हजार शेतकरी एवढाच असू शकतो.

एका उदाहरणावरून फरक अधिक कळेल. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन पिवळे पडू लागले की शेतकरी फोटो काढून गटात टाकतो. पिवळे पडण्याची कारणे अनेक. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही, तेव्हा कोवळी पाने पिवळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक असेल तर पानावर हिरवे-पिवळे चट्टे दिसतात. झड लागून रानात पाणी साचले असेल तर मुळांना हवा न मिळाल्यानेही पीक पिवळे दिसते. मोठ्या गटात अर्ध्या तासात ही तिन्ही कारणे, प्रत्येक तितक्याच ठामपणे आणि बहुधा एकेका औषधाच्या नावासह, हजर होतात. फोटो मोबाइलचा, उजेड संध्याकाळचा, आणि उत्तर देणाऱ्याने ते रान कधी पाहिलेले नसते. गावच्या पंचवीस-तीस जणांच्या गटात हाच फोटो पडला, तर कोणीतरी लिहितो की तुझ्या ओढ्याकडच्या त्या पांढुरक्या तुकड्यात दर दोन वर्षांनी हेच होते, फवारणीवर पैसे घालू नकोस, आधी उद्या मी येऊन बघतो. या उत्तरात शास्त्र थोडे आहे आणि माहिती पुष्कळ आहे. शिवाय चुकीचा सल्ला दिला तर देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसायचे असते. मोठ्या गटात चुकीच्या सल्ल्याची किंमत फक्त ऐकणारा मोजतो.

म्हणजे मोठे गट निरुपयोगी, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. २०२२ च्या खरिपात लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतल्या अनेक शिवारांत शंखी गोगलगायींनी नुकते उगवलेले सोयाबीन फस्त केले. बऱ्याच गावांना हा प्रकार नवा होता. तीस जणांच्या गटात तीसही जणांना जे ठाऊक नाही ते कितीही जिव्हाळ्याने बोलून कळत नाही. अशा वेळी ज्या गटात दूरच्या जिल्ह्यातला आधी पोळलेला शेतकरी आहे, कृषी विद्यापीठाचा एखादा कीटकशास्त्रज्ञ आहे, कृषी विभागाचा माणूस आहे, तोच गट कामाचा. गोगलगाय दिवसा गवतात आणि दगडाखाली दडते, रात्री खाते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी रानात अंथरली तर सकाळी त्यांखाली ती सापडते. गोळा केलेल्या गोगलगायी मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकून मारायच्या. बांधाकडेने चुन्याचा पट्टा ओढायचा. मेटाल्डिहाइडची गोळी वापरली तर जनावरे आणि कुत्री तिच्यापासून जपायची. हे सारे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणाहून आणि इतरत्रच्या अनुभवातून गावात यावे लागते. क्वचित पडणाऱ्या प्रश्नाला उत्तर मिळण्याची शक्यता माणसांच्या संख्येबरोबर वाढते. मोठ्या गटाचे बळ ते हेच, आणि ते खरे आहे.

पण गोगलगायीची गोष्ट तेथे संपत नाही. एकट्याने आपले रान साफ केले तर शेजारच्या बांधावरून ती पुन्हा येते. एकाच आठवड्यात सगळ्या शिवाराने गोणपाटे टाकली, सगळ्यांनी वेचणी केली, तरच उपयोग. हे हजार जणांच्या गटात ठरत नाही, कारण त्यांपैकी नऊशे ऐंशी जणांचे बांध भलतीकडे असतात. ते ठरते ज्यांचे बांध एकमेकांना लागून आहेत अशा पंधरा-वीस जणांत, आणि त्यातही कोणी अंग चोरले तर लगेच कळते. २०१७ च्या कपाशीवरील गुलाबी बोंडअळीच्या वेळीही हेच होते: फरदड (हंगाम संपल्यावरही उभे ठेवलेले कपाशीचे पीक) घेऊ नका, हंगाम संपताच पऱ्हाट्या उपटा, कामगंध सापळे (गंधाने पतंगांना ओढून पकडणारे) लावा, हा सल्ला सर्वांना पोहोचला होता; पण एकाने फरदड ठेवली की त्याच्या रानातून निघालेला पतंग दुसऱ्याची मेहनत वाया घालवतो, आणि त्या एकाला समजावणे हे काम त्याच्या शेजाऱ्याचेच असते. ज्ञान मोठ्या गटातून यावे आणि अंमल लहान गटात व्हावा, असा हा क्रम आहे. दोघांना एकत्र कालवले की ज्ञानही गर्दीत हरवते आणि अंमलही कोणाच्या अंगावर येत नाही.

आकार बदलला की मजकूर तोच राहूनही त्याचा अर्थ बदलतो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' हा संदेश गावच्या गटात आला तर माणसे कामे सोडून त्या घरी जातात. जिल्ह्याच्या गटात त्याच संदेशाखाली न ओळखणारे दोनशे लोक हात जोडल्याची चित्रे टाकतात आणि त्यात मोंढ्यातला सोयाबीनचा भाव विचारणाऱ्याचा प्रश्न वाहून जातो. मोठ्या गटातल्या श्रद्धांजल्यांवर आणि सुप्रभातांवर ॲडमिन चिडतात. पण ती लहान गटाची रीत आहे, लोकांनी ती आपल्याबरोबर मोठ्या गटात आणली एवढेच. याच्याच उलट बाजूची गोष्ट अधिक गंभीर आहे. लहान गटात एखादा रोज लिहिणारा माणूस गप्प झाला तर ते ध्यानात येते. कर्ज आणि नापिकी यांनी किती घरे बसली हे आपल्या भागाला नव्याने सांगायला नको. अशा ठिकाणी 'अण्णा, चार दिवस झाले दिसला नाहीत' असे कोणीतरी लिहिणे, फोन करणे, ही लहान गटाची फार मोठी कामगिरी आहे. हजारांच्या गटातून माणूस निघून गेला तरी कोणाला पत्ता लागत नाही.

आता लहान गटाचे दोष. ते लहान गटावर प्रेम असणाऱ्यांनीच सांगितले पाहिजेत, कारण इतरांना ते दिसत नाहीत.

पहिला दोष भिडेचा. गावच्या गटात सासरा असतो, दीर असतो, चुलत सासरे असतात. तेथे सून काही लिहीत नाही. तिला नाव असते, फोन असतो, पुष्कळदा शेतीतले ज्ञानही नवऱ्यापेक्षा जास्त असते, पण त्या गटात तिचा शब्द दिसत नाही. हीच बाई परक्या माणसांच्या मोठ्या गटात, शेळीच्या आजारावर किंवा परसबागेवर, सविस्तर आणि ठासून लिहिताना मी पाहिली आहे. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही तिथे बोलण्याची मोकळीक ही मोठ्या गटाने दिलेली देणगी आहे आणि लहान गटाचे गोडवे गाताना ती विसरता कामा नये. जातीचेही तसेच. गावाच्या गटात आडनाव वाचून शब्दाचे वजन ठरते. कोणाच्या तक्रारीला 'बघू' म्हणायचे आणि कोणाच्या तक्रारीला धावायचे हे आधीच ठरलेले असते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर तर एका गावाचे दोन गट होतात आणि दोन्हींची नावे गावाच्याच नावावर असतात. लहान म्हणजे सलोख्याचा, असे समजण्याचे कारण नाही.

दुसरा दोष विश्वासाचा आहे, आणि तो जिवावर बेततो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मुले पळवणारे समजून ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्या काळात मोबाइलवरून गावोगाव फिरत होत्या. अशी अफवा अनोळखी माणसाकडून आली तर आपण दोनदा विचार करतो. ती भाच्याकडून, मित्राकडून, गावच्या गटातून आली म्हणून विचार न करता पुढे जाते. लहान गटात जो भरवसा सल्ल्याला वजन देतो तोच खोट्यालाही वजन देतो. त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, पुढे ती जगभर लागू केली, आणि अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम २०२० मध्ये केला. कंपनीने गटाचा आकार वाढवत नेला आणि गटागटांमधली वाट अरुंद केली, हे माझ्या मते बोलके आहे: धोका एका गटाच्या आकाराइतकाच गट एकमेकांना कसे जोडलेले आहेत यातही असतो.

तिसरा दोष म्हणजे लहान गट एका माणसावर उभा असतो. तो आजारी पडला, बदली होऊन गेला, रुसला, की गट थंडावतो. मोठा गट माणसे बदलूनही चालतो. माझा गट माझ्यानंतर चालेल का, याचे उत्तर मला द्यायला आवडत नाही.

मोठ्या गटाला माणसाऐवजी नियमांचा आधार लागतो आणि नियम राबवणे हे बिनपगारी, नावडते काम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे म्हटले की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. या निकालाने ॲडमिन मंडळींनी सुटकेचा श्वास सोडला; पण कायद्याची जबाबदारी नसणे आणि गट नीट चालवण्याची जबाबदारी नसणे या दोन गोष्टी काहींनी एकच धरल्या. लहान गटात शिवी देणाऱ्याला संध्याकाळी कोणीतरी बाजूला घेऊन बोलतो. मोठ्या गटात एकतर काहीच होत नाही किंवा एकदम काढून टाकले जाते. मधल्या पायऱ्या नसतात. सामाईक पाणी, कुरणे, जंगले लोक स्वतः कशी सांभाळतात याचा अभ्यास करून २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या निरीक्षणांत ज्या व्यवस्था टिकल्या त्यांच्यात काही गोष्टी सारख्या होत्या: आत कोण आणि बाहेर कोण हे स्पष्ट होते, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते, शिक्षा सौम्यापासून सुरू होऊन वाढत जात होत्या, आणि मोठ्या व्यवस्थेच्या पोटात लहान व्यवस्था होत्या. हे पाणी वापर संस्थेला जितके लागू आहे तितकेच मोबाइलवरच्या गटालाही आहे, असे मला वाटते.

संख्या एकदम वाढली की काय होते याचा इतिहास व्हॉट्सॲपच्या फार आधीचा आहे. १९८० मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये यूजनेट नावाची चर्चेची यंत्रणा सुरू झाली. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, महिनाभर वेडेवाकडे प्रश्न विचारत, जुने लोक त्यांना रीत सांगत आणि ऑक्टोबरपर्यंत ते रुळत. १९९३-९४ च्या सुमारास एका मोठ्या व्यापारी कंपनीने आपल्या ग्राहकांना तेथे प्रवेश दिला आणि नवे लोक रोजच येऊ लागले. शिकवणारे थकले, आणि तेथल्या जुन्या लोकांनी म्हटले की हा सप्टेंबर आता संपणारच नाही. नवे लोक वाईट नव्हते. त्यांना सामावून घेण्याचा वेग आणि त्यांच्या येण्याचा वेग यांचे प्रमाण बिघडले होते. आपल्याकडे एका रात्रीत लिंक फिरवून तीनशे जण घेतले जातात तेव्हा नेमके हेच घडते, आणि ज्यांच्यामुळे गट चांगला होता ते लिहिणे थांबवतात. ते भांडून जात नाहीत, म्हणून ॲडमिनला कळतही नाही.

लातूरच्या शिकवण्यांभोवतीच्या विद्यार्थ्यांविषयी थोडेच लिहितो, कारण त्यांच्या गटांत मी नाही, ऐकून आहे. रात्री अकराला अडलेले भौतिकशास्त्राचे गणित हजारोंच्या टेलिग्राम गटात कोणीतरी सोडवून देते, हा लाभ खेड्यातून आलेल्या मुलाला पूर्वी कधीच नव्हता. त्याच गटात रोज इतरांचे गुण पाहून धास्ती घेणे आणि परीक्षेच्या तोंडावर 'पेपर मिळेल' म्हणणाऱ्या भामट्यांना तोंड देणेही आले. खोलीवर राहणाऱ्या चौघा-पाचांचा गट यातून सावरतो, असे मुलेच सांगतात.

मग करावे काय? मला सुचते ते आपल्या भागातल्या महिलांनी आधीच करून ठेवले आहे. बचत गटात साधारण दहा ते वीस जणी असतात. कर्ज कोणाला द्यायचे, कोणाचा हप्ता का थकला, हे तेवढ्याच जणींत ठरते, कारण तेवढ्याच जणींना एकमेकींच्या घरची परिस्थिती माहीत असते. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात अशा गटांचा गावपातळीवर ग्रामसंघ आणि त्यावर प्रभागसंघ असतो. एका गावाला न झेपणारे प्रश्न तेथे जातात. गट यशस्वी झाला म्हणून कोणी त्यात दोनशे जणी भरत नाही. दुसरा गट काढतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातही अफाट समुदाय क्रमांक असलेल्या दिंड्यांत विभागलेला असतो, आणि मुक्कामी होणाऱ्या समाजआरतीच्या वेळी चोपदाराने (सोहळ्याची शिस्त राखणाऱ्याने) दंड उंचावला की सगळे टाळ थांबतात, फक्त ज्या दिंडीची तक्रार आहे ती टाळ वाजवत राहते, म्हणजे चोपदार तिच्याकडे जातो. एवढ्या मोठ्या समुदायात लहान दिंडीचे म्हणणे ऐकू यावे यासाठी बाकीच्यांनी थोडा वेळ थांबायचे, ही सोय आपल्या एकाही जिल्हास्तरीय गटात नाही.

मोबाइलवर हे अवघड नाही. ज्या माहितीवर चर्चा करायची नसते ती चर्चेच्या गटात घालूच नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान-आधारित कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मोंढ्यातले भाव, धरणातला साठा, अर्जाच्या तारखा ही अशीच माहिती. त्यासाठी व्हॉट्सॲपचे चॅनेल भारतात सप्टेंबर २०२३ पासून आहेत, तेथे लाख वाचक असले तरी बिघडत नाही. फक्त ॲडमिननेच लिहायचे अशी सोय तर गटांतही २०१८ पासून आहे. चर्चेचे गट मात्र गाव, शिवार किंवा पीक यांना धरून लहान ठेवावेत; ॲडमिनला सभासदांचे चेहरे आठवेनासे झाले की नवे लोक घेणे थांबवून दुसरा गट काढण्यास मदत करावी. प्रत्येक लहान गटातून एक-दोन जणांनी तालुक्याच्या गटात असावे, गावात न सुटलेला प्रश्न तेथे न्यावा आणि उत्तर कोणी दिले, कशाच्या आधारावर दिले, हे नावासह परत आणावे. हे काम दर सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे द्यावे, नाहीतर तोही एक नवा पुढारी होतो. महिलांना गावच्या गटात बोलता येत नसेल तर त्यांना तेथे बोलायला लावण्याचा उपदेश करण्यापेक्षा त्यांचा वेगळा गट आणि तालुक्याच्या गटात त्यांची स्वतःची प्रतिनिधी, हे आधी करावे.

आणखी एक उणीव दोन्ही आकारांच्या गटांत आहे. त्यांना स्मरण नाही. गेल्या वर्षी मोसंबीच्या फळगळीवर झालेली उत्तम चर्चा यंदा कोणाला सापडत नाही, म्हणून तोच प्रश्न, तीच उत्तरे, तीच भांडणे. मराठीत १९९६ पासून चालू असलेल्या 'मायबोली'सारख्या संकेतस्थळावर जुन्या चर्चा विषयवार शोधून वाचता येतात; धावत्या संदेशांत ते होत नाही. आणि एखादी कंपनी उद्या सेवा बंद करू शकते: ऑर्कुट हे समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले तेव्हा त्यावरचे मराठी समूहही त्याबरोबर गेले. छापील वर्तमानपत्र या बाबतीत आजही वरचढ आहे, आणि म्हणूनच हे सारे आपल्याला लिहिण्याचे प्रयोजन.

आपल्या दैनिकाचा वाचकांसाठी जो गट आहे त्यात केवळ कार्यालयातून बातम्या येतात. ते योग्यच आहे, मात्र त्याला 'वाचक चर्चा' हे नाव आहे ते बदलावे, कारण तेथे वाचकांना लिहिता येत नाही. तालुकावार चर्चेचे लहान गट वाचकांनीच चालवावेत, आणि त्यांत आठवड्यात निघालेल्या एखाद्या चांगल्या प्रश्नोत्तराला, उत्तर देणाऱ्याचे नाव-गाव घालून, आपण शनिवारच्या शेती पानावर चौकटीएवढी जागा द्यावी, अशी विनंती आहे. सेलू तालुक्यातला गट चालवण्याची आमची चार-पाच जणांची तयारी आहे. त्यात चाळीसपेक्षा अधिक जण घेतले जाणार नाहीत; एकेचाळिसाव्या व्यक्तीला मानवत किंवा पाथरीकडे गट काढण्यास आम्ही मदत करू. पान तयार करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना मजकूर कोणत्या दिवसापर्यंत आणि किती शब्दांत हवा, ते कृपया कळवावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
सेलू, जि. परभणी